उंद्रीच्या मांडवातलं तोरण

पुतण्याच्या वऱ्हाडासोबत सोजराबाई उंद्रीला गेली होती. विधवा बाईने मांडवात पुढे पुढे करायचं नाही, म्हणून सकाळपासून ती मागच्या पडवीत बसून वांगी चिरत होती. लग्न लागलं, पंगती उठल्या, मांडव जरा मोकळा झाला, तेव्हा नवरीकडचं रुखवत पाहावं म्हणून ती हात पुसत पुढे आली आणि मधल्या दारापाशीच थांबली.

दारावर मण्यांचं तोरण होतं. हिरव्या पोपटांची रांग, मधोमध दोन माना असलेला हंस, खाली लाल घोस.

तो हंस सोजराबाईचा होता. दोन वर्षांपूर्वी तापाने अंथरुणावर असताना तिच्या मनात तो आला होता आणि उठून बसता आल्यावर तिने तो मण्यांत उतरवला होता. असा हंस दुसऱ्या कुणी कधी केलेला नव्हता. पण हे तोरण तिच्या हातचं नव्हतं. तिने घोस हळूच उलटा करून पाहिला. ती दोरा दुहेरी घ्यायची आणि त्याला मेण लावायची. हा दोरा एकेरी होता, कोरडा होता.

"छान हाये न?" नवरीची मावशी मागून म्हणाली. "चिखलीच्या बाजारातून आणलं. अमडापूरचा माल हाये म्हने."

"अमडापूरचा?"

"हाव. तुमच्याच गावचा. तुमाले माहीत नाही?"

परतीच्या बैलगाडीत बाया गाणी म्हणत होत्या. सोजराबाई एका कोपऱ्यात पदर ओढून बसली होती आणि एकच विचार करत होती. तिचे नमुने गावात फक्त एका बाईच्या हातून बाहेर जात होते. ती बाई म्हणजे बानो.

बानो मणेराची बायको. तिचा नवरा कय्यूम दम्याने घरी बसल्यापासून बांगड्यांची टोपली तिनेच डोक्यावर घेतली होती. सहा वर्षांपूर्वी ती सोजराबाईच्या जावेला, रुखमाबाईला, बांगड्या भरायला आली. ओसरीच्या टोकाशी सोजराबाई पुतणीच्या रुखवतासाठी मण्यांचं तोरण करत बसली होती. बानो बांगड्या विसरून ते पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, हे तं लोकं विकत घेतील."

"रांडव बाईच्या हातचं तोरण लग्नाच्या दाराले कोन लावते?" सोजराबाईने विचारलं होतं.

"कोनाच्या हातचं हे कोन सांगते?" बानो म्हणाली होती.

तिथून दोघींचा धंदा सुरू झाला. बानो खामगावहून काचेचे मणी आणायची, कोणत्या घरी लग्न निघालं याची बातमी आणायची, माल दाखवायची, विकायची. सोजराबाई तोरणं करायची, ताटावरचे रुमाल करायची, पाट रंगवायची, विंझण्यांना मण्यांची झालर लावायची. आलेले पैसे दोघी वाटून घ्यायच्या. पंचक्रोशीतल्या बाया त्या मालाला 'बानोची तोरणं' म्हणायच्या. ती कोण करतं असं कुणी विचारलं तर बानो म्हणायची, "हाये एक सवाशीन, घराबाहेर पडत नाही." विधवा असूनही सोजराबाईला दीराच्या भाकरीवर जगावं लागत नव्हतं, ते या एका खोट्यावर. आता तेच खोटं सोजराबाईला बोचू लागलं. माल कुणाचा हे जगाला माहीतच नसेल, तर बानो तो कुणाकडूनही करून घेऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी बानो नेहमीसारखी आली, ओसरीवर टेकली, टोपली बाजूला ठेवली.

"कसं झालं उंद्रीचं लगन?"

"चांगलं झालं."

"रुखवत कसं होतं?"

सोजराबाईने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न साधा होता. पण बानोने तो विचारताना टोपलीवरचं फडकं नीट केलं, असं तिला वाटलं.

"पाह्यलं नाही मी," ती म्हणाली.

बानो पाणी मागायला रुखमाबाईकडे वळली, तेवढ्यात सोजराबाईने फडक्याचं टोक उचललं. बांगड्यांच्या खाली मण्यांच्या चार पुड्या होत्या, दोन हिरव्या, दोन लाल. बानोने तिला दिल्या त्या दोनच.

"बाकीच्या पुड्या कोनाच्या?" तिने विचारलं.

बानो जराशी थांबली. "गिऱ्हाईकाच्या."

"कोनतं गिऱ्हाईक?"

"अवं, बाया घेतात मणी. पोरीबाळींच्या गळ्यात घालाले." आणि ती उठली. एरवी ती एवढ्या लवकर उठत नसे.

रुखमाबाईने हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं होतं. बानो गेल्यावर ती म्हणाली, "घरोघर फिरनारी बाई ते. तिच्या पोटात काय हाये, तुले काय माहीत?" सोजराबाईने जावेचं बोलणं कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

त्यानंतर तिची नजरच बदलली. बानो हसली तरी तिला त्यात काही दिसायचं, गप्प बसली तरी दिसायचं. बानो नवा नमुना हातात घेऊन उलटसुलट करून पाहायची, तशी ती सहा वर्षं पाहत आली होती. आता सोजराबाईला वाटायचं, ही ओळी मोजून राहिली. बानो माल दाखवायला नेऊन दोन दिवसांनी परत आणायची. आधी एका दिवसात आणायची की काय, हे सोजराबाई आठवून पाहायची आणि तिला नक्की आठवायचं नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं आणि ती उद्यापासून आलीच नाही तर?

शेवटी तिने एक युक्ती केली. नवीन नमुना काढला, खळ्यावर निघालेल्या बैलजोडीचा. पांढरे बैल, लाल झुली, काळे डोळे. डाव्या बैलाच्या डोळ्यात मात्र तिने काळ्याऐवजी एक निळा मणी ओवला. पाहणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये इतका गडद निळा. तोरण बानोच्या हातात दिलं.

"हे कोनाले दाखवशील?"

"मोठ्या घरी दाखवतो. त्यांच्या लेकीचं लगन हाये माघात. अजून दोन-चार घरी."

मोठं घर म्हणजे महादेवरावांचं. अमडापुरात निम्मी काळी जमीन त्यांची. नागपूरच्या नव्या असेंब्लीची निवडणूक तोंडावर आली होती आणि ते उमेदवार होते. रोज कुठे ना कुठे त्यांचं भाषण असायचं. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई प्रत्येक नवा नमुना मागवून घ्यायची, दोन दिवस ठेवायची आणि 'लेकीच्या लग्नाच्या वेळी ठरवू' म्हणून परत पाठवायची. तिच्याबद्दल सोजराबाईच्या मनात कधी काही आलंच नाही. इतक्या मोठ्या घरच्या बाईबद्दल काय येणार?

तीन आठवड्यांनी सोजराबाई सर्व्हिस मोटरीत बसून चिखलीच्या बाजाराला गेली. दीराला सांगितलं, डोळ्याला औषध आणायचं आहे. बाजारात आरसे, फण्या, करंडे, कंदील घेऊन बसणारा फकीर मोहम्मद नावाचा एक म्हातारा होता. त्याच्या पालाच्या दोरीवर तीन तोरणं टांगलेली होती. मधलं बैलजोडीचं होतं.

ती जवळ गेली. डाव्या बैलाचा डोळा निळा होता.

"हे कुठून येते, बाबा?"

"अमडापूरहून. एक बाई लाकर देते."

"कोन बाई?"

"नाव कायले सांगते? तोंडावर पदर राह्यते. माल ठेवते, मागचा हिशेब घेते, चालली जाते."

"बांगड्या विकते का ते?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, मी माल पाह्यतो. बाईचं तोंड कायले पाहू?"

त्याने नाही म्हटलं नव्हतं. सोजराबाईला तेवढं पुरलं. मोटरीत परत येताना, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटत होतं. महिनाभर मनात कुजत होतं त्याला आता नाव मिळालं होतं.

अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी बानो चिंचेखाली पाल टाकून बसली होती. भोवती सात-आठ बाया होत्या. एकीच्या हातात पोपटांचं तोरण होतं, तिचं घासाघीस करणं चाललं होतं. सोजराबाई सरळ तिथे गेली. बाजारात ती बानोच्या पालाकडे कधी फिरकत नसे, म्हणून बानो दचकली.

"काय झालं, बाई?"

"माहे नमुने चिखलीत कोनाले देतेस तू?"

"काय?"

"बैलजोडी. निळा डोळा घातला होता म्या. तोच निळा डोळा चिखलीत टांगला हाये. कोनाकडून करून घेतेस? किती मिळते तुले?"

बानोचा चेहरा उतरला. "सोजराबाई, घरी चाल. घरी बोलू."

"घरी कायले? इथंच बोल न!" सोजराबाईचा आवाज चढला. "सहा वर्षं डोळे फोडले म्या. हे तोरण, हे रुमाल, हा सगळा माल माह्या हातचा हाये! अन् तू तो चोरून विकतेस!"

आजूबाजूच्या बाया जवळ सरकल्या. बानो तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आणि ती भीती सोजराबाईला गुन्ह्याचीच वाटली.

हातात पोपटांचं तोरण धरलेली बाई हळूच म्हणाली, "म्हंजे हे रांडव बाईच्या हातचं हाये?"

तिने तोरण पालावर टाकून दिलं आणि हात लुगड्याला पुसले. दुसरी बाई म्हणाली, "माह्या पोरीच्या लग्नात हेच लावलं होतं वं, माय!" तिसरी तर रडायलाच लागली. तिची लेक त्याच साली बाळंतपणात गेली होती.

आपण काय बोलून बसलो ते सोजराबाईला तेव्हा कळलं. बानोने एकेक वस्तू टोपलीत भरली, पाल गुंडाळला आणि निघून गेली.

पुढच्या आठ दिवसांत अमडापूर, उंद्री आणि आसपासच्या गावांतून सांगितलेला सगळा माल नको म्हणून निरोप आले. दोन घरांनी तर जुनी तोरणं ओसरीवर आणून टाकली. दीर म्हणाला, "गप बसली असती तं काय झालं असतं?" रुखमाबाई आता बानोबद्दल काही बोलत नव्हती, पण आपल्या लेकीला तिने सोजराबाईच्या सुईदोऱ्याला हात लावू दिला नाही.

अशात एक दिवस मोठ्या घरची मोलकरीण अंबूबाई दारात आली. "बाईसाहेबांनी इचारलं, नवीन काही केलं काय? दोन दिवस पाह्याले पाठवा म्हन्लं."

सोजराबाई चकित झाली. सगळ्या गावाने पाठ फिरवली, आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्याच नवीन माल मागतात? विधवेच्या हातचं आहे हे त्यांना कळलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. आधी तिला वाटलं, केवढं मोठं मन. मग अंबूबाई पायरी उतरत असताना तिने तोंडावर पदर ओढून घेतला, आणि सोजराबाईच्या मनात काहीतरी खटकलं. पदर तर सगळ्याच बाया ओढतात, असं तिने स्वतःला सांगितलं. एकदा संशय घेऊन तिने काय मिळवलं होतं? पण तो मनातून जाईना.

तिच्याकडे एक अर्धवट नमुना होता, कणसावर बसलेल्या चिमण्यांचा. तो तिने दोन दिवसांत पुरा केला आणि स्वतः नेऊन अंबूबाईच्या हातात दिला.

"परवा येतो न्याले," सोजराबाई म्हणाली.

ती दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गेली. महादेवराव मेहकरकडे सभेला गेले होते. पुढच्या बैठकीत त्यांचे कारकून जेवून लवंडले होते. सोजराबाई मागच्या दाराने आत शिरली. अंबूबाई विहिरीवर धुणं धूत होती. तिने हाक मारायच्या आत सोजराबाई माजघर ओलांडून कोठीच्या खोलीपाशी पोचली होती. दार लोटलेलं होतं.

खोलीत खिडकीजवळ अन्नपूर्णाबाई जमिनीवर बसली होती. नाकात मोत्यांची नथ, अंगावर रेशमी लुगडं आणि बोटात सुई. समोर पाटावर चिमण्यांचं तोरण पसरलं होतं. त्याच्या बाजूला दुसरं, अर्धं झालेलं. ती ओठ हलवत ओळी मोजत होती.

सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं. हातातली मण्यांची वाटी कलंडली. हिरवे मणी फरशीवर सगळीकडे पळाले.

"दार लावा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सोजराबाई, आधी दार लावा."

सोजराबाईने दार लावलं. "तुमी?"

अन्नपूर्णाबाई खाली पाहत मणी वेचू लागली.

"तुमाले काय कमी हाये, बाईसाहेब?" सोजराबाईला खरंच कळत नव्हतं. "पैशासाठी?"

"पैसे त्या डब्यात आहेत. मोजलेसुद्धा नाहीत." ती थांबली. "या घरात मी वीस वर्षं आहे. स्वयंपाकाला बाई आहे, मुलांना बाई आहे. मी केलेली एक वस्तू या घरात नाही. पहिलं तोरण अंबूने चिखलीला नेलं आणि येऊन सांगितलं, एका बाईनं भांडून भांडून घेतलं म्हणून. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. पण यांना कळलं, की महादेवरावांची बायको बाजारात माल विकते, तर... निवडणूक आहे, सोजराबाई."

"मंग आपला नमुना करायचा होता. माहा कायले?"

अन्नपूर्णाबाईचा चेहरा लाल झाला. "करून पाहिला. येत नाही. मला फक्त पाहून उतरवता येतं."

सोजराबाईला बानोच्या टोपलीतल्या मण्यांच्या पुड्या आठवल्या. "मणी बानो आणून देत होती?"

"हो."

"म्हंजे तिले माहीत होतं."

"मी वेळ घालवायला करते, एवढंच माहीत होतं. उंद्रीच्या लग्नातलं तोरण तिच्या कानावर आलं तेव्हा ती इथे येऊन मला बोलली. बंद करा म्हणाली. मी बंद करते म्हणाले, आणि तिला माझ्या लेकीची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"अन् बाजारात म्या तिले चोर म्हन्लं, ते तुमच्या कानावर आलं होतं?"

"आलं होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

सोजराबाईने पाटावरून आपलं तोरण उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडली. विहिरीपाशी अंबूबाई भिजलेल्या हातांनी तशीच उभी होती. सोजराबाई तिच्याकडे न पाहता मणेरवाड्याकडे चालू लागली.

मणेरवाड्यात ती पहिल्यांदाच जात होती. सहा वर्षांत बानो शेकडो वेळा तिच्या ओसरीवर आली होती, पण तिचं घर कोणतं हे तिला विचारत विचारत शोधावं लागलं. अंगणात कय्यूम बाजेवर बसून धापा टाकत होता. बानो तांदूळ निवडत होती. तिने सोजराबाईला पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे नजर वळवली.

"मले कळलं," सोजराबाई म्हणाली. "मोठ्या घरी जाऊन आली मी."

बानोने खडा काढून फेकला.

"तू मले सांगतलं काऊन नाही, बानो? एक शब्द बोलली असती!"

"तुहं नाव सहा वर्षं म्या कोनाले सांगतलं नाही," बानो म्हणाली. "लोकं इचारत होते, पिच्छा पुरवत होते. नाही सांगतलं. तिनं बी तसंच हात जोडून सांगतलं. मंग तिचं काऊन सांगू?"

सोजराबाई मातीतच बसली. मग म्हणाली, "आता मी सांगतो. त्यांच्या सभेतच जातो. सगळ्या गावाले कळू दे."

"मंग माह्या दारात येऊ नको."

"तिच्यापायी तुही इज्जत गेली अन् तू..."

"तिच्यापायी नाही," बानो मध्येच म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. "माही इज्जत तुह्या तोंडानं गेली. तिचं नाव घेतलं तं तिचा नवरा तिले घरात ठेवनार नाही. तुहं घर उठलं, माहं उठलं, आता तिसरं कायले उठवतेस?"

"मंग मी काय करू?"

"तू बाजारात बोलली," बानो म्हणाली. "बाजारातच बोल."

पुढच्या बाजाराला सोजराबाई चिंचेखाली गेली. बानो टोपली घेऊन बसली होती, पण तिच्याभोवती कुणी नव्हतं. चोरीचा बोभाटा झाल्यापासून बांगड्या भरायलासुद्धा बाया यायच्या बंद झाल्या होत्या. सोजराबाईने मोठ्याने सांगितलं, "आयका वं बायाहो. म्या बानोले चोर म्हन्लं होतं. ते खोटं होतं. तिनं काही केलं नाही. चूक माही हाये."

एक-दोघी थांबल्या. "मंग चोर कोन?"

"मले माहीत नाही."

"अन् निळा मणी?"

"मले माहीत नाही," ती पुन्हा म्हणाली.

बाया एकमेकींकडे पाहून निघून गेल्या. एक म्हणाली, दोघींचं आतून संगनमत आहे. दुसरी म्हणाली, मणेरणीने हिला काहीतरी खाऊ घातलं. त्या दिवशी एकही बांगडी विकली गेली नाही. पण बानोने आपल्या पालावर थोडी जागा करून दिली आणि सोजराबाई तिथे दिवस मावळेपर्यंत बसली.

अन्नपूर्णाबाईकडे मात्र ती आणखी एकदा गेली. या वेळी पुढच्या दाराने. आणि उभ्या उभ्याच बोलली.

"मी कोनाले सांगत नाही. बानोनं घातलं तसं म्या बी तोंडाले कुलूप घातलं. पन तुमच्या लेकीच्या लग्नात दारावर माह्या हातचं तोरण लागलं पाह्यजे. अन् कोनाच्या हातचं हाये, ते तुमी सोताच्या तोंडानं सांगायचं."

अन्नपूर्णाबाई पांढरी पडली. "विधवेच्या हातचं? माझ्या लेकीच्या लग्नात? हे कसे ऐकतील?"

"ते सभेत काय बोलतात ते मी आयकलं हाये," सोजराबाई म्हणाली. "विधवा बायाईचा उद्धार झाला पाह्यजे म्हनतात. टाळ्या बी पडतात."

अन्नपूर्णाबाई ही गोष्ट नवऱ्याशी कशी बोलली, किती दिवस बोलली, हे कुणाला कळलं नाही. पण माघात लग्न झालं तेव्हा मोठ्या घराच्या दारावर बैलजोडीचं तोरण होतं, दोन्ही बैलांचे डोळे काळे. बायांच्या घोळक्यात एकीने मुद्दाम विचारलं, तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाली, "सोजराबाईंच्या हातचं आहे. बानोनं आणून दिलं." घोळक्यात कुजबुज झाली. एक म्हातारी मांडवातून उठून गेली. बाकीच्या जेवायला बसल्या.

महादेवराव निवडून आले की नाही, याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही. लग्नानंतर वैशाखापर्यंत सात घरांनी माल सांगितला. आधी वीसेक घरं असायची. उंद्रीहून पुन्हा कुणी आलं नाही. बाळंतपणात लेक गेलेली बाई रस्त्यात भेटली की तोंड फिरवायची, आणि तिला काय सांगावं हे सोजराबाईला कधी सुचलं नाही. चिखलीत फकीर मोहम्मदच्या पालावर आता खरा माल जाऊ लागला, तो बानो उघड तोंडाने नेऊन द्यायची. अन्नपूर्णाबाईने मणी मागवणं बंद केलं. तिचा तो पैशांचा डबा तिने अंबूबाईच्या हाती बानोकडे पाठवला होता. बानोने तो न उघडता परत पाठवला.

बानो सोजराबाईच्या ओसरीवर मात्र परत आली नाही. "काम करायचं तं माह्या अंगनात ये," एवढंच ती म्हणाली. दीराने विरोध केला, रुखमाबाईने चार घरी जाऊन सांगितलं. सोजराबाई रोज दुपारी सुईदोरा घेऊन मणेरवाड्यात जायची. पहिले काही आठवडे दोघी कामापुरतं बोलायच्या. मणी किती, दोरा कोणता, माल कधी पाहिजे. बानो पुडी द्यायची तेव्हा सोजराबाईच्या समोर उघडून, बोट फिरवून दाखवायची. एकदा सोजराबाई म्हणाली, "राहू दे, दाखवू नको." बानोने ऐकलं नाही. दाखवलंच.

पाऊस सरता सरता वरवट बकालहून बानोच्या बहिणीचा निरोप आला. तिच्या मुलीचा निकाह ठरला होता आणि पडद्याला लावायला मण्यांची झालर पाहिजे होती. सोजराबाईने चंद्रकोरी आणि जाईच्या वेलाची झालर काढली. आठ दिवस लागले. बानोने ती दोन्ही हातांत धरून उजेडात नेली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हा चांद वाकडा हाये, बाई."

"कुठं वाकडा? तुह्या डोळ्यात वाकडा."

"मले शिकवू नको. वाकडा म्हंजे वाकडा. माह्या बहिणीच्या घरी जाऊन राह्यली झालर, मी असं नेत नाही."

सोजराबाई चिडली. कय्यूम बाजेवरून म्हणाला की त्याला तरी चंद्र सरळच दिसतो, तेव्हा दोघींनी त्याला एकदमच गप्प बसवलं. मग सोजराबाईने झालर मांडीवर ओढली आणि बडबड करत दोरा कापायला सुरुवात केली. बानो समोर येऊन बसली आणि सुटलेले मणी ओंजळीत झेलू लागली.